नवरदेवाचा वेगळा केक, आणि तो वाढायचा कुणी? वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि मेसेजवर लग्नाच्या केकबद्दलचेच प्रश्न जास्त आलेत. आपल्या भागातली मुलं अमेरिकेत गेली, त्यातली काही तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत म्हणजे अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, टेक्सास अशा ठिकाणी रमली, आणि तिकडची दोन केकांची पद्धत आता थेट खानापूर-निपाणीच्या हॉलपर्यंत आली. एक केक नवरीचा, एक नवरदेवाचा. म्हणून हा अंक सगळा केकलाच दिलाय, रुखवत आणि फराळाचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): ताई, आमचा मुलगा अलाबामात बर्मिंगहॅमला असतो, तिथल्याच मुलीशी लग्न ठरलंय. ऑक्टोबरमध्ये तिकडं चर्चमध्ये लग्न आणि जानेवारीत बेळगावात आपल्या पद्धतीनं अक्षता, संध्याकाळी रिसेप्शन. विहीणबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की नवरदेवाचा केक कुठल्या आकाराचा करू, त्याला काय आवडतं ते सांगा. मला काही कळेना ओ. दोघांचा मिळून एकच केक असतोय न्हवं? त्याचा खर्च आमच्याकडं येतो काय? आणि तिकडं गेल्यावर आम्ही नेमकं करायचं काय?

उत्तर: काकू, आधी मनापासून अभिनंदन. विहीणबाईंनी तुम्हाला हे विचारलं यातच त्यांची आपुलकी दिसते, कारण तो केक म्हणजे नवरीच्या घरानं जावयाला दिलेली भेट असते आणि त्याला काय आवडतं हे आईइतकं कुणाला माहीत असणार.

ही पद्धत मूळची इंग्लंडची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. तेव्हा नवरदेवाचा केक म्हणजे काळपट, जड, सुकामेवा आणि दारूत मुरवलेला फ्रूटकेक, त्याचे तुकडे करून छोट्या डब्यांत पाहुण्यांना घरी द्यायचे आणि लग्न न झालेल्या मुली तो तुकडा उशीखाली ठेवून झोपायच्या, स्वप्नात होणारा नवरा दिसतो म्हणून. इंग्लंडात हे मागं पडलं पण अमेरिकेच्या दक्षिणेनं धरून ठेवलं. इंग्लंडातसुद्धा २९ एप्रिल २०११ ला प्रिन्स विल्यमच्या लग्नात मोठ्या फ्रूटकेकशिवाय त्याच्यासाठी वेगळा चॉकलेट बिस्किट केक होता, लहानपणापासून त्याला आवडायचा म्हणून.

आता दक्षिणेत नवरीचा केक पांढरा, दोन-तीन मजली, बऱ्याचदा बदामाच्या इसेन्सचा. नवरदेवाचा बहुतेक चॉकलेट नाहीतर रेड वेल्वेट, आकार त्याच्या आवडीचा: मासेमारी, शिकार, गिटार, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कॉलेजची फुटबॉल टीम. इथं जरा जपून बरं का. अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांच्या टीमवरून त्या राज्यात घराघरात दोन तट असतात, तेव्हा मुलगा कुठल्या बाजूचा ते त्यालाच विचारून मग विहीणबाईंना सांगा. आणि हे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचं, आपलं पायानं खेळायचं नाही. मुलाला क्रिकेट आवडत असेल तर बिनधास्त बॅट सांगा, तिकडच्या पाहुण्यांनाही तेवढंच नवं काहीतरी बघायला मिळेल.

खर्चाचं म्हणाल तर जुन्या रिवाजानं नवरीकडून, पण आता बऱ्याच घरांत वराकडचे देतात. तुम्ही स्वतःहून "हा केक आमच्याकडून होऊ दे" असं एकदा म्हणा, त्या नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. चव निवडायचं तुमच्यावर सोडलं तर एक लक्षात ठेवा, अलाबामाचा स्वतःचा एक केक आहे, लेन केक. क्लेटन गावच्या एमा रायलँडर लेन यांनी १८९८ मध्ये त्याची कृती छापली आणि २०१६ मध्ये तो राज्याचा अधिकृत गोड पदार्थ ठरला. पांढरे थर आणि मध्ये अंड्याचा पिवळा बलक, मनुका आणि बर्बन व्हिस्की यांचं सारण. तुमच्या घरी दारू चालत नसेल तर आधीच सांगा, बिन बर्बनचाही करतात, त्यात कुणाला वाईट वाटायचं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पत्रिकेवरची वेळ बघा. लग्न दुपारी दोनचं असेल आणि रिसेप्शन चर्चच्याच हॉलमध्ये असेल तर तिथं जेवण नसण्याची शक्यता आहे. केक, पंच म्हणजे फळांचा रस आणि जिंजर एल (आल्याच्या चवीचा सोडा) एकत्र करून त्यात सरबताचं आइस्क्रीम सोडलेलं पेय, खारवलेले पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा), चीजच्या खुसखुशीत काड्या, बटर-पुदिन्याच्या छोट्या गोड गोळ्या, एवढंच. आपल्या वऱ्हाडी मंडळींना वाटेल पाहुणचार केला नाही, पण तसं अजिबात नाही, तिथं केक हाच पाहुणचार आहे आणि तो अगदी मनापासून केलेला असतो. इकडून जाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवा की बारा वाजता पोटभर जेवून निघायचं.

हॉलमध्ये दोन टेबलं असतील, नवरीचा केक मधोमध, नवरदेवाचा बाजूला लहान टेबलावर. आधी नवरीचा कापतात, सुरीला रिबन बांधलेली असते, नवरीच्या हातावर नवरदेवाचा हात, खालच्या मजल्यातला तुकडा काढून एकमेकांना भरवतात. मग काही घरांत ती दोघं सासू-सासऱ्यांना स्वतः प्लेट नेऊन देतात, तेव्हा तुम्ही बसलेल्या असा, उठून "अगं राहू दे" करू नका. पुढचं कापणं आणि वाढणं हे तिकडं मानाचं काम आहे, नवरीच्या मावश्या, आत्या, जवळच्या मैत्रिणी यांना मुद्दाम बोलावून देतात. नवरदेवाच्या केकवर त्याच्या बाजूची माणसं उभी असतात, आणि तुमच्या मुलीला किंवा जावेला तिथं उभं राहायची इच्छा असेल तर विहीणबाईंना आधी कळवा, त्यांना फार आनंद होईल. हा केक कधीकधी लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणातही कापतात, म्हणून तेही विचारून घ्या नाहीतर तुम्ही रिसेप्शनला शोधत बसाल.

जानेवारीच्या बेळगावच्या रिसेप्शनचं खालच्या उत्तरात आहेच. एवढंच सांगते, सकाळी मांडवात केक नको. अक्षता, सप्तपदी, पंगत सगळं आपलं आपल्या जागी होऊ दे, शुभकार्यात सुरी कशाला असं म्हणणारी एखादी आजी प्रत्येक घरात असते आणि तिचा मान राखायलाच हवा. केक संध्याकाळी.

प्रश्न (खानापूर): बहिणीच्या रिसेप्शनला चारशे माणसं आहेत. केटरर म्हणतो पाच किलोचा तीन मजली केक स्टेजवर ठेवू, दोघांनी कापला की फोटो झाले, बाकी लोक आइस्क्रीम खातील. आम्हाला मात्र सगळ्यांना केक द्यायचाय. किती किलो लागेल?

उत्तर: तुमचं बरोबर आहे आणि यावर ठाम राहा. आपल्याकडे स्टेजवर केक कापतात, फोटो निघतात, आणि नंतर तो केक तसाच पंख्याखाली वाळत पडतो, शेवटी हॉलची पोरं बोटानं क्रीम खातात. मला हे बघवत नाही. ज्या लोकांकडून ही पद्धत आली त्यांच्याकडे शेवटच्या पाहुण्याच्या हातात प्लेट गेल्याशिवाय केकचं काम संपत नाही.

हिशोब असा. लग्नाचा तुकडा वाढदिवसासारखा त्रिकोणी जाड नसतो, १ इंच रुंद, २ इंच लांब आणि केकच्या उंचीचा म्हणजे साधारण ४ इंच. या मापानं ६ इंची गोल मजल्यातून १२, ८ इंचीतून २४ आणि १० इंचीतून ३८ तुकडे निघतात, म्हणजे तीन मजल्यांचे मिळून ७४. चारशेला हे पुरणार नाही, आणि पुरवायला पाच-सहा मजले चढवायचीही गरज नाही. तिकडचे बेकर काय करतात, स्टेजवर देखणा केक ठेवतात आणि त्याच चवीचे चौकोनी सपाट केक आत किचनमध्ये तयार ठेवतात. १२ बाय १८ इंचाच्या एका ट्रेमधून हिशोबाने १०८ तुकडे, कडा-कोपरे गेले तरी शंभर कुठं जात नाहीत. म्हणजे स्टेजवरचे ७४ आणि आत तीन ट्रे, त्यात नवरदेवाचा वेगळा केक असेल तर चारशे आरामात. आपल्याकडचा बेकर किलोत बोलतो म्हणून किलोतही सांगते, असा तुकडा साधारण ५० ते ६० ग्रॅमचा, म्हणजे चारशेला २० ते २४ किलो. आकडा ऐकून दचकू नका, सपाट ट्रेला सजावट नसते त्यामुळे त्याचा किलोचा भाव कमी पडायला हवा, तसा मागून घ्या. आणि वरचा एखादा मजला थर्माकोलचा ठेवायचा असेल तरी चालेल, फक्त कुठला ते कापणाऱ्याला सांगा.

कापताना सगळ्यात वरचा मजला आधी उतरवायचा, मग त्याखालची पुठ्ठ्याची चकती आणि आतल्या आधाराच्या काड्या काढायच्या. या काड्या मोजून काढा, लहान पोराच्या प्लेटमध्ये जायला नको. मग गोल मजल्यात कडेपासून दोन इंच आत एक पूर्ण वर्तुळ कापायचं, त्या बाहेरच्या कड्याचे इंच-इंचाचे तुकडे करायचे, आत उरलेल्या गोलाला पुन्हा तसंच. लांब पातळ सुरी, शेजारी गरम पाण्याचं भांडं आणि कापड, दर दोन-तीन कापांनी पुसायची. वाढपी पोरांवर हे सोडू नका. घरातल्या चार बायका आधी नेमा, दोन कापायला दोन वाढायला, आणि त्यांना सांगा की हे मानाचं काम आहे. जेवण सुरू व्हायच्या आधी कापला तर लोक बुफेकडे पळतात आणि फार उशीर केला तर गावाकडची मंडळी शेवटच्या एसटीसाठी निघालेली असतात, म्हणून अर्धी माणसं जेवत असताना टेबलावर केक मांडायला सुरुवात करा.

प्रश्न (निपाणी): आमच्याकडं जैन आणि लिंगायत पाहुणे बरेच, अंडं चालत नाही. पण नवरीला पांढरा सॉफ्ट केक खऱ्या अंड्याचाच पाहिजे. दोन केक ठेवले तर चालेल काय?

उत्तर: चालेल, आणि दोन केकांच्या पद्धतीचा हा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग. तिकडचा पांढरा केक हा फक्त अंड्याच्या पांढऱ्यावर उभा असतो, बिनअंड्याचा केला की चव चांगली येते पण पोत तो येत नाही. रेड वेल्वेटचं मात्र बरंचसं काम ताक, व्हिनेगर आणि सोडा करतात, त्यामुळे तो बिनअंड्याचा फार छान होतो. मग नवरदेवाचा केक बिनअंड्याचा रेड वेल्वेट ठेवा आणि तोच मोठा करा, कारण तुमच्याकडे खाणारे त्याचेच जास्त आहेत, आणि नवरीचा अंड्याचा लहान, जवळच्यांपुरता. स्टेजवर मोठी माणसं बसलेली असताना बिनअंड्याचाच कापायचा.

पण नुसते दोन केक ठेवून भागत नाही. दोन्ही टेबलांवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत ठळक पाटी, दोन वेगळ्या सुऱ्या, वेगळे चमचे, आणि वाढणारी माणसंही वेगळी. तीच सुरी इकडून तिकडे गेली की सगळी मेहनत वाया. शिवाय वरचं जाड साखरेचं आवरण, फाँडंट, त्यात जिलेटिन असू शकतं आणि ते जनावरांपासून करतात, मार्शमॅलोपासून केलेल्या फाँडंटमध्ये तर बहुतेक वेळा. बेकरला पाकीट दाखवायला सांगा, हिरवा ठिपका असेल तरच घ्या. आजोबा जे खात नाहीत ते आपल्या हातून त्यांना चुकूनही द्यायचं नाही, यात तडजोड नको.

प्रश्न (अथणी): मे महिन्यात लग्न, हॉलला एसी नाही. केक बेळगावहून आणायचाय. क्रीम टिकेल काय?

उत्तर: खरं सांगू का, लोण्याचं क्रीम ३२-३५ अंशांना पातळ व्हायला लागतं आणि तुमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन मी काय सांगायचं. क्रीम चीजचं तर नावच काढू नका, ३२ अंशांच्या वर असा पदार्थ तासभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. जुन्या रेड वेल्वेटवर जे क्रीम असायचं ते मैद्याच्या खिरीचं: एक कप दुधात पाच मोठे चमचे मैदा शिजवून घट्ट करायचा, पूर्ण गार करायचा, मग एक कप लोणी आणि एक कप साखर फेसून त्यात घालायचा. हे क्रीम कमी गोड असतं आणि नुसत्या लोण्यापेक्षा बरं टिकतं, पण दुधाचं आहे, तेव्हा गार ठेवणं आलंच.

प्रवासात मजले सुटे आणायचे, प्रत्येकाला वेगळा खोका, एसी गाडीत पायाशी सपाट जागेवर, मांडीवर धरून नको. रचायचं काम हॉलवर. हॉलला एसी नाही म्हणता तर एखादी आतली खोली किंवा शेजारचं घर बघा जिथं एसी आहे, केक तिथं ठेवा आणि कापायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. किंवा सरळ क्रीम सोडा, नवरदेवाचा केक साधा प्लम केक करा, मूळचा तोच होता आणि तो उन्हाला दाद देत नाही. (खानापूर-कणकुंबीकडच्या लोकांना उलटा त्रास, तिकडे जूनच्या दमट हवेत फाँडंटला घाम फुटतो, तो पुसायला जाऊ नका, डाग पडतात.)

प्रश्न (येळ्ळूर): मी स्वतः नवरदेव आहे, कुस्ती करतो. मित्र म्हणतात केकवर महाराजांचा पुतळा नाहीतर राजहंसगड कर. बायको म्हणते आखाडा. काय करू?

उत्तर: बायकोचं ऐका. महाराजांची किंवा देवाची प्रतिमा केकवर नको, कारण शेवटी त्यावर सुरी फिरणार आणि ते तुम्हालाही बघवणार नाही. गडाचंही तेच, बुरूज कापताना कुणाच्या तरी मनाला लागेल. आखाडा मात्र सुंदर होईल. चौकोनी चॉकलेट केक, वरती रेड वेल्वेटचा चुरा पसरायचा, ती लाल माती. मधोमध साखरेची गदा, ती कापायच्या आधी उचलून तुमच्या वस्तादांच्या हातात द्या. साखरेच्या पैलवानांच्या मूर्ती करायच्या भानगडीत पडू नका, चेहरे बिघडतात आणि पैसे फार जातात.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): माझ्या होणाऱ्या वहिनी न्यू ऑर्लिन्सच्या. त्या म्हणतात केकमधून रिबिनी ओढायच्या असतात, सहा करवल्या पाहिजेत. हे काय असतं?

उत्तर: फार गोड प्रकार आहे हा. चांदीच्या छोट्या वस्तू रिबिनीला बांधून केकच्या खालच्या थराखाली सरकवतात, टोकं बाहेर लोंबतात, आणि केक कापायच्या आधी नवरीच्या मैत्रिणी एकाच वेळी ओढतात. अंगठी आली तिचं लग्न पुढचं, असं प्रत्येक वस्तूचं काहीतरी असतं. त्यात शिवणकामाचं टोपण नाहीतर बटण पण असतं, ते जिच्या हाती येईल तिचं लग्नच होत नाही असं म्हणतात. ते मात्र काढून टाका. आपल्याकडे लग्नात आधीच प्रत्येक मुलीला "तुझं कधी" विचारून हैराण करतात, त्यात अजून हे नको. त्याऐवजी शहापूरच्या सराफाकडून छोटं मंगळसूत्राचं पान, मोर, मासोळी करून घ्या. वस्तू उकळत्या पाण्यातून काढा, आणि जितक्या आत घातल्या तितक्या बाहेर आल्या का ते मोजूनच केक कापायला घ्या.

प्रश्न (चिकोडी): वरचा मजला वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवून लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला खातात म्हणे. ठेवू काय?

उत्तर: नको. ती रीत फ्रूटकेकची होती. आपल्या क्रीमच्या केकला आणि आपल्या लाइटीला ते जमणार नाही. त्याच बेकरकडून वर्षानं अर्धा किलो ताजा घ्या.

प्रश्न (कॅम्प, बेळगाव): नवरदेवाच्या केकचे डबे पाहुण्यांना द्यायचेत, जुन्या पद्धतीनं. केक कुठला आणि डबे कधी भरायचे?

उत्तर: डब्यासाठी प्लम केकच, क्रीमचा अजिबात नको, लोक तो पिशवीत घालून बसमध्ये बसणार आहेत. कॅम्पातल्या बेकऱ्यांना ख्रिसमसचा अनुभव आहे, निदान महिनाभर आधी सांगा म्हणजे सुकामेवा नीट मुरवता येईल, रमऐवजी संत्र्याच्या रसातही मुरवतात पण मग केक लग्नाच्या आठवड्यातच भाजायला सांगा कारण तो तितका टिकत नाही. तुकडे आदल्या दिवशी सकाळी कापा, बटर पेपरात गुंडाळा, मग डब्यात. रमचा आणि बिनरमचा असे दोन असतील तर रिबिनीचा रंग वेगळा ठेवा आणि बाहेर पडायच्या दाराशी जी व्यक्ती डबे देणार तिला तो रंग पाठ करून द्या. घरटी एक डबा धरा, माणशी नको. आणि पुठ्ठ्याचे डबे सपाट येतात, ते दुमडायला वाटतो त्यापेक्षा फार वेळ लागतो, तेव्हा हळदीच्या आधीच पोरांना बसवून ते काम उरकून घ्या.